नववी चिप

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात काकांनी सर्व्हरमधली रॅमची पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मेमरीच्या चिप्स मोज." नऊ भरल्या. घरच्या कॉम्प्युटरमधल्या तशाच पट्टीवर आठ असतात.

"ही नववी कशाला?"

"बाकीच्या आठजणींच्या चुका धरायला."

नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये आम्ही रात्रपाळी करायचो. काका वयाने सगळ्यांत मोठे. मेमरीतलं एखादं बिट अधूनमधून आपोआप उलटतं, शून्याचा एक होतो, हे मला त्यांनीच सांगितलं. कधी अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात सुटलेला एखादा न्यूट्रॉन चिपमध्ये घुसतो, तर कधी चिपच थकत चाललेली असते. म्हणून दर ६४ बिटांमागे ८ जादा बिटं ठेवतात. त्यांच्या आधारे एक चूक जागच्या जागी सुधारता येते. दोन झाल्या तर चूक झाली एवढंच कळतं, आणि चुकीचं उत्तर देण्यापेक्षा सर्व्हर बंद पडतो. याचं मूळ गणित रिचर्ड हॅमिंगचं, १९५० सालचं. सुट्टीच्या दिवशी मशीन चूक ओळखून त्याचं काम अर्धवट टाकून द्यायचं, त्याचा त्याला वैताग आला होता.

सुधारलेली चूक कोणालाच जाणवत नाही. तिची फक्त लॉगमध्ये नोंद होते. काका रोज पहाटे त्या नोंदी वाचून कुठल्या स्लॉटमध्ये किती चुका झाल्या ते वहीत उतरवायचे. आकडा चढू लागला की ती पट्टी बदलायला लावायचे. आम्ही हसायचो. सर्व्हर तर व्यवस्थित चालू असायचा!

मग खर्चकपात आली. साहेबांनी मला विचारलं, "काका नसले तर काय अडेल?" मी आठवून पाहिलं. तीन वर्षांत काहीच अडलं नव्हतं. "काही नाही," मी म्हणालो.

काकांच्या पत्रात शब्द होता 'रिडन्डन्ट'. आमच्या धंद्यात हा कौतुकाचा शब्द आहे. दोन पॉवर सप्लाय लावतो. मेमरी मिररिंग केलं तर अर्धी मेमरी दुसऱ्या अर्धीची नक्कल सांभाळण्यात जाते, आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही.

चार महिन्यांनी पहाटे तीनला एक सर्व्हर बंद पडला. लॉग उघडला, तर सहा आठवडे एकाच स्लॉटमध्ये चुका सुधारल्या जात होत्या, दर आठवड्याला जास्त. त्याचे ईमेल येत होते. ते न वाचलेल्या फोल्डरमध्ये परस्पर जातील अशी सोय मीच केली होती. गूगलच्या सर्व्हरांवर २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी त्यानंतर वाचला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये सुधारता येणाऱ्या चुका आढळल्या होत्या. आणि जिथे अशी चूक होते, तिथेच त्या महिन्यात न सुधारता येणारी चूक होण्याची शक्यता कितीतरी वाढते. काकांच्या वहीत हेच होतं, टक्केवारीशिवाय.

काकांना फोन केला. माफी मागायची होती. सर्व्हर गेल्याचं सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, "कुठला स्लॉट?"

मी सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "शेजारचाही बघून घे."

साहेबांना मी काय उत्तर दिलं होतं, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. वही मात्र मी पुन्हा सुरू केली आहे.