दुर्गमानवाडीचा सडा

निपाणीचा तंबाखूचा वास मुधाळ तिट्ट्याच्या आसपास मागे पडतो. पुढे राधानगरीच्या अंगाने उसाची गर्दी विरळ होत जाते आणि डोंगर चढून दुर्गमानवाडी गाठली की, विठ्ठलाईच्या देवळापलीकडे सगळं एकदम उघडं होतं. सडा! नुसतं कातळाचं पठार.

एप्रिलात इथला जांभा असा तापतो की चपलेतूनही पाय भाजतात. सावली शोधावी, तर गुडघ्याएवढ्या करवंदीच्या जाळीची. वाळवंट बघायला आम्हा सीमाभागातल्या माणसांना राजस्थानला जायला नको. आमचं वाळवंट फक्त चार महिने पावसात बुडलेलं असतं, एवढाच फरक.

त्या पावसानेच हा दगड घडवला आहे. खालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातली सिलिका लाखो पावसाळ्यांनी धुऊन नेली. लोह उरलं तिथे तांबडा जांभा झाला, ॲल्युमिनियम साचलं तिथे बॉक्साइट. इथल्या बॉक्साइटच्या खाणीच्या जुन्या खड्ड्याच्या भिंतीत ही सगळी कहाणी उभी दिसते: वर जांभ्याची कडक कवची, तिच्याखाली फिकट गुलाबी, ठिपक्याठिपक्यांचा बॉक्साइट, तळाला चिकण माती.

हा बॉक्साइट जातो बेळगावला, यमुनापूरच्या कारखान्यात. साधारण चार टन बॉक्साइटमधून दोन टन ॲल्युमिना निघतो, त्यातून एक टन धातू. मागे उरतो तांबडा गाळ. 2000 साली हा कारखाना चालवणारी इंडाल कंपनी बिर्ला समूहाकडे गेली, पुढे कारखान्यावर हिंदाल्कोची पाटी लागली. बेळगावकरांच्या तोंडी मात्र अजून ‘इंडाल’च. 1956 पासून दोन राज्यांमधल्या या सीमेने माणसांना किती मोर्चे काढायला लावले! महाराष्ट्रातला दगड कर्नाटकात जाताना मात्र त्याची भाषा कुणी विचारली नाही.

खाणीला नाकं मुरडण्याचा मला अधिकार नाही. माझ्या घराच्या खिडक्याही ॲल्युमिनियमच्याच. खटकतं ते वेगळंच. खड्डा भरून वर रोपं लावली की जमीन पूर्ववत झाली, असं कागद म्हणतो. पण सड्यावर झाडं होतीच कुठे? होती ती कातळावरची बोटभर माती. तिच्यात नत्र इतकं कमी की दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती किडे धरून पोट भरते. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच मातीवर सीतेची आसवं निळी होतात, गेंद पांढरे डोलतात, तेरडा कडेकडेने गुलाबी पेटतो. सातबाऱ्यावर असल्या जमिनीपुढे ‘पोटखराबा’ लिहितात. तलाठ्याचा तरी काय दोष, तो पीक पाहायला यायचा.

तुम्ही सप्टेंबरात गेलात तर गाडी देवळापाशीच ठेवा, ट्रकच्या रस्त्याने चालू नका, फोटोसाठी फुलांत बसू नका. आणि खाणवाल्यांना, वनखात्याला एकच विनंती: पुढचा पट्टा उकरण्याआधी त्यावरची एका पावसाळ्याची फुलं तरी मोजून, नावानिशी लिहून ठेवा.