वरणगावची दीड हजार मीटरांची वाट

भुसावळहून नागपूरकडे जाणारी गाडी धरली की थोड्याच वेळात वरणगावचे स्थानक येते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तेथे थांबत नाहीत. त्यामुळे आपण या मार्गाने गेला असाल, तर केळीच्या हिरव्या पट्ट्यात क्षणभर दिसलेली एक पाटी, एवढीच वरणगावची आठवण आपल्याजवळ असेल. महामार्गाने येणाऱ्यांना हे गाव ठाऊक असते ते आयुध निर्माणीमुळे. बंदुकीची काडतुसे तयार करणाऱ्या या कारखान्यावर आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे उभी राहिली. प्रवासाच्या पुस्तकांत गावाला स्थान नाही. तरीही येथील एका वाटेवर आपणांस घेऊन जावे, असे वाटते. वाट आहे अवघ्या दीड हजार मीटरांची. आमच्या दारापासून शेतरस्त्यावरच्या कडुनिंबापर्यंत साडेसातशे मीटर आणि तेथून तेवढेच परत.

ही वाट मोजण्याची वेळ आली ती वडिलांमुळे. निर्माणीतून निवृत्त झालेले माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ते पडले. मनगटाचे हाड दोन महिन्यांत जुळले. मनातली भीती मात्र तशीच राहिली. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर, एवढाच त्यांचा दिवस उरला. आपल्या घरी असे कोणी असेल, तर हे चक्र आपल्या परिचयाचे असेल. पडण्याच्या धाकाने चालणे सुटते, चालणे सुटले की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात आणि क्षीण पायांमुळे पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "आता यांना रोज थोडे चालवा."

मी चालवू लागलो आणि तेथेच चुकलो. कामावर जाण्याची घाई असल्याने मी दोन पावले पुढे असे आणि दर विजेच्या खांबापाशी थांबून मागे वळून पाही. ते पाहणे त्यांना टोचत असावे. चौथ्या दिवशी ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले. "तू जा, मला तुझ्या चालीनं जमत नाही," एवढेच म्हणाले आणि पुढचे आठ दिवस दाराबाहेर पडले नाहीत.

त्या आठ दिवसांत मला एक जुनी शर्यत आठवली. निमित्त होते अंतराचे: दीड हजार मीटर, म्हणजे आजच्या धावपट्टीवर पावणेचार फेऱ्या. मध्यम पल्ल्याच्या धावण्यात हे अंतर मोठ्या मानाचे समजतात. पहिल्या महायुद्धानंतरचे पहिले ऑलिंपिक 1920 मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे भरले. ऑगस्टच्या 19 तारखेला चिखल झालेल्या धावपट्टीवर पुरुषांच्या 1500 मीटरची अंतिम शर्यत झाली. इंग्लंडचा अल्बर्ट हिल 4 मिनिटे 1.8 सेकंदांत पहिला आला. दोनच दिवसांपूर्वी त्याने 800 मीटरची शर्यतही जिंकली होती. वय एकतीस, युद्धाची वर्षे सैन्यात गेलेली. धावपटूचे वय सरले, असे ज्याच्याबद्दल लोक म्हणू शकत होते, त्याने दोन सुवर्णपदके मिळवली.

परंतु माझ्या मनात राहिला तो दुसरा आलेला माणूस. ब्रिटिश संघाचा कर्णधार फिलिप बेकर, पुढे नोएल-बेकर या नावाने प्रसिद्ध झालेला. शेवटच्या फेरीत तो हिलच्या मागोमाग होता आणि सेकंदाहूनही कमी अंतराने दुसरा आला. आपल्या जोडीदाराला साथ देत त्याने ही शर्यत धावली, असे तिच्या वर्णनांत आढळते. हाच बेकर महायुद्धात शस्त्र न उचलता जखमींची वाहतूक करणाऱ्या पथकाचा प्रमुख होता आणि निःशस्त्रीकरणासाठी आयुष्यभर झटल्याबद्दल 1959 मध्ये त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑलिंपिक पदक आणि नोबेल हे दोन्ही मिळवलेला माणूस आजवर हा एकच.

एका संध्याकाळी ही हकिकत मी वडिलांना सांगितली. ते हसले. "जन्मभर काडतुसं केलेल्या माणसाला शांततेच्या पारितोषिकाची गोष्ट सांगतोस होय!" मग क्षणभराने त्यांनी विचारले, "तिथं आपलं कोणी होतं का?"

होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील शर्यतींत शेतकरी घरांतील मुले अनवाणी धावताना पाहिली. त्यांचा वेग युरोपातील धावपटूंच्या फार मागे नाही, हे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांच्या पुढाकाराने चार धावपटू व दोन मल्ल अँटवर्पला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. "एकोणिसावा का असेना, शेवटपर्यंत पोचला ना?" वडिलांनी विचारले. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते चपला घालून ओट्यावर बसलेले दिसले.

त्या दिवसापासून मी जागा बदलली. त्यांचा डावा गुडघा दुखरा आहे. म्हणून मी डाव्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहून चालतो. पुढे हा फिजिओथेरपिस्टकडे गेलो, तेव्हा त्यानेही हेच सांगितले. आधार देणाऱ्याने अशक्त बाजूला, किंचित मागे असावे. तोल गेलाच तर हात चटकन पोचतो आणि चालीचा वेग ज्याचा त्याच्याकडेच राहतो. त्यांचा दंड मी धरीत नाही. लागलाच तर ते माझा हात धरतात. बेकरने अँटवर्पला आपली जागा नेमकी कशी ठरवली असेल कोण जाणे. मला मात्र त्याच्यामुळेच माझी सापडली.

हे ज्ञान नवे नाही, असे म्हणाल तर तेही खरेच. वरणगावहून महामार्गाने पूर्वेला गेले की मुक्ताईनगर लागते. आषाढीला तेथून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. चौदाशे वर्षे जगल्याची आख्यायिका असलेल्या चांगदेवाने कोवळ्या मुक्ताईला गुरू केले. वडील माणसाने लहानाचा हात धरण्यात कमीपणा नाही, हे आमच्या या टापूने केव्हाच मान्य केले आहे. वारीतही थकलेल्याला मागे टाकून कोणी मिरवत नाही.

आता थोडे आपल्या वाटेविषयी. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम सुचवते. हा आकडा पाहून दडपू नका. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटेही पुष्कळ झाली. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम श्रमाची सोपी खूण. छातीत दुखले, घेरी आली किंवा दम लागून बोलता येईना, तर तेथेच थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार, मधुमेह किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. मागून घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे घालावीत. आमच्या खानदेशात उन्हाळ्याचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. त्या दिवसांत सूर्य वर येण्याआधी घरी परतावे आणि पाणी जवळ ठेवावे.

आपण येणार असाल तर मार्गशीर्षात या. केळीच्या पानांवर दव असते, शेतांतून पऱ्हाटीवर वांगी भाजल्याचा वास येतो आणि भरीत-कळण्याच्या भाकरीचे आमंत्रण कोणाकडून तरी मिळतेच. तिखट आणि तेल बेताने घ्यावे, एवढेच.

हिलने चार मिनिटांत कापलेल्या अंतराला आम्हाला पहिल्या दिवशी वाटेतल्या बैठकींसह पाऊण तास लागला होता. आता अर्धा तास लागतो. निंबाच्या पारावर वडील दोन मिनिटे टेकतात, पिकाची चौकशी करतात आणि मग उठतात. परतताना घर दिसू लागले की अलीकडे ते मला म्हणतात, "आता तू हो पुढे, चहा टाक. मी येतो माझा माझा." मी पुढे होतो. दार मात्र उघडेच ठेवतो आणि आधण येईपर्यंत त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत राहतो.