ड्रमच्या मागचा गायक

फिल कॉलिन्स म्हटले की बहुतेकांना त्याची हळवी प्रेमगीते आठवतात. मला मात्र तो आधी ड्रमवादक म्हणून आवडतो, गायक म्हणून नंतर. गेले काही दिवस त्याचे आणि त्याच्या 'जेनेसिस' बँडचे अल्बम क्रमाने पुन्हा ऐकले. त्यातल्या काहींविषयीच लिहितो. सगळ्यांविषयी लिहायचे तर चवथ उजाडेल!

कॉलिन्स १९७० साली जेनेसिसमध्ये आला तो ड्रम वाजवायला. पुढे उभा राहून गायचा तो पीटर गॅब्रिएल, चित्रविचित्र वेष आणि मुखवटे घालून. १९७५ मध्ये गॅब्रिएलने बँड सोडला. नव्या गायकाचा शोध सुरू झाला, बऱ्याच जणांना गाऊन बघायला लावले, कोणी पसंत पडेना. शेवटी मागे बसलेल्यालाच पुढे यावे लागले. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

१९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' मला त्यांच्या अल्बमांत सगळ्यात जवळचा. आधी एखाददुसरे गाणे कॉलिन्सने म्हटले होते, पण अख्खा अल्बम पेलणे निराळे. त्याचा आवाज इथे अजून थोडा बुजरा आहे आणि तेच गोड वाटते. 'स्क्वाँक' या गाण्यात ड्रम जड पावलांनी चालतो आणि गळा त्यावर हलका तरंगतो. शेवटचे 'लॉस एंडॉस' जवळजवळ वाद्यांचेच. तिथे गायक रजेवर जातो आणि ड्रमवाला मनसोक्त वाजवून घेतो.

१९८० चा 'ड्यूक' येईपर्यंत बँडमध्ये तिघेच उरले होते: टोनी बँक्स, माईक रदरफोर्ड आणि कॉलिन्स. यातले 'टर्न इट ऑन अगेन' बोटांवर मोजून बघा. आवर्तन तेरा मात्रांचे! पण तो इतक्या सहज गातो की मोजायला बसल्याशिवाय कळतसुद्धा नाही. ज्याच्या हातात लय मुरलेली आहे त्यालाच असे गाता येते.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्याचा स्वतःचा पहिला अल्बम 'फेस व्हॅल्यू' आला. पहिला संसार मोडल्याचे दुःख त्यात आहे. 'इन द एअर टुनाइट' मध्ये साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ खरा ड्रम येतच नाही, नुसता यंत्राचा बारीक ठेका. आणि मग तो जो कोसळतो! हा आवाज सापडला होता गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी. ध्वनिमुद्रण ह्यू पॅजम यांचे, ड्रमवर कॉलिन्स. खोलीतला घुमारा मोठा करून पकडायचा आणि विरायच्या आत कापून टाकायचा, अशी ती युक्ती. याच 'फेस व्हॅल्यू'त आपल्या एल. शंकर यांचे व्हायोलिनही आहे, ते चुकवू नका.

१९८६ चा 'इन्व्हिजिबल टच' सगळ्यात गाजला. त्यातली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या पाचांत गेली. मला मात्र त्यातला ड्रम कोरडा वाटतो. विजेच्या ड्रमला ठोका आहे, कातडे नाही. 'डॉमिनो' तेवढे अपवाद.

आता दुःखाची गोष्ट. मणक्याच्या दुखण्याने त्याच्या हातांतली शक्ती गेली. आपल्याला आता ड्रम वाजवता येत नाही, असे त्याने २००९ मध्ये सांगितले. २०१० च्या 'गोइंग बॅक' साठी काठ्या हाताला टेपने बांधून तो वाजवायला बसला. २०२१-२२ च्या जेनेसिसच्या शेवटच्या दौऱ्यात तो खुर्चीत बसून, खालच्या पट्टीत गायला. मागे ड्रमवर होता त्याचा विशीतला मुलगा निक. शेवटचा कार्यक्रम २६ मार्च २०२२ रोजी लंडनला झाला.

त्या दौऱ्याची चित्रफीत बघताना मला आमचे काका दिसत राहिले. घुमटावर गाणारा आणि वाजवणारा वेगळा नसतो, हे गोवेकराला सांगायला नको. उजव्या हाताची थाप, डाव्या हाताने मागच्या तोंडाची हवा कोंडायची-सोडायची, आणि वर आरती. काका हे तिन्ही एका दमात करायचे. आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्या चवथीला ते आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या वर्षी आले, भिंतीला टेकून बसले आणि गाऊ लागले. घुमट त्यांच्या मुलाच्या मांडीवर होते. आमच्याकडे आरती चढत चढत द्रुत होते, पोरांना तर घाईच असते. पण त्या दिवशी त्याने लय चढू दिली नाही. बापाचा श्वास पुरा व्हायची वाट बघत प्रत्येक थाप देत होता. काकांनी एकदा त्याच्याकडे बघितले आणि पुढची आरती आपणहून चढ्या लयीत धरली.

निकही तसाच, बापाच्या पाठीकडे बघत वाजवतो. बघा एकदा. पण त्याआधी 'अ ट्रिक ऑफ द टेल' ऐका, म्हणजे त्या खुर्चीत कोण बसले आहे ते कळेल.