पुसण्याआधी

शाळेच्या सहलीसाठी मी जुना, साधा डिजिटल कॅमेरा घेतला. दुकानदार मेगापिक्सेल सांगत होता. मी पाहिलं, झूम करताना भिंग खरोखर पुढे सरकतं का आणि पेन्सिल सेल चालतात का. नुसतं चित्र ताणून मोठं केलं, तर ते धूसर होतं. आणि सेल काय, किराणा दुकानातही मिळतात!

सहलीत कार्ड भरलं. मी हललेले फोटो भराभर पुसू लागले. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी ओरडली, "बाई, तो नका ना पुसू! त्यात माझी आजी आहे." निरोप द्यायला आलेली आजी कोपऱ्यात पुसटशी दिसत होती.

दिवाळीनंतर आजी गेली. तिचा घरात तेवढा एकच फोटो आहे.

आता काहीही पुसण्याआधी मी मुलांना विचारते, "यात कुणाचं कोण आहे?"