श्वासपटलास अनावृत पत्र

प्रिय श्वासपटल,

न्यूमोनियानंतर छातीत पू साठलेलं मूल मुलुंड-घाटकोपरला नवीन नाही. शस्त्रक्रियेत पू निघतो, फुप्फुसावरची जाड साल सोलली जाते, आणि आईवडील विचारतात, "फुप्फुस उघडलं ना?" तुझी चौकशी कुणीच करत नाही. हवा आत ओढतंस मात्र तू.

तान्ह्याचा तर सगळा भार तुझ्यावर. त्याच्या फासळ्या मऊ नि आडव्या, मधले स्नायू कच्चे. तुला हलवणारी फ्रेनिक नस मानेतून निघून हृदयाच्या आवरणाला चिकटून खाली उतरते. शस्त्रक्रियेत ती ताणली वा भाजली गेली, की तुझी ती बाजू लुळी.

व्हेंटिलेटर चालू असेपर्यंत हे झाकलेलं राहतं. यंत्र वरून हवा ढकलतं, लुळं असलंस तरी तू निमूट खाली जातंस. श्वासाची नळी काढल्यावर बाळ धापा टाकतं. एक्स-रेत एक बाजू उंच दिसेल, पण उजवी बाजू निरोगी माणसातही थोडी उंचच असते; आणि तू हलतंस की नाही, हे स्थिर चित्र कसं सांगणार?

सोनोग्राफी सांगते. बरगडीखाली प्रोब टेकवून उजवीकडे यकृतातून तुला पाहायचं. डावीकडे जठरातला वायू आडवा येतो, तिथे झगडावं लागतं. श्वास घेताना तू खाली यायला हवंस. लुळी बाजू उलट वर सरकते. फासळ्यांमधून तुझी जाडीही मोजता येते. श्वासागणिक ती २० टक्क्यांहून कमी वाढली, तर मोठ्या माणसांत लुळेपणाचा संशय घेतात. तान्ह्याला तोच आकडा लावायला माझा हात धजत नाही. दोन्ही बाजू ताडून पाहणं मला भरवशाचं वाटतं.

किरणोत्सर्ग नाही, यंत्रच खाटेपाशी येतं. अर्थात ते त्याच रुग्णालयात नोंदलेलं हवं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्या कायद्यामुळे शेजारच्या नर्सिंग होममधून यंत्र उसनं आणता येत नाही. कायदा हवाच. पण मग छातीची शस्त्रक्रिया झालेलं मूल ठेवून घेणाऱ्याने यंत्र आणि ते हाताळणारा डॉक्टर आधीच पाहून ठेवावा.

तुझ्या आडून शल्यविशारदांना एवढंच सांगायचंय: नळी काढण्याआधी व्हेंटिलेटरचा आधार थोडा वेळ कमी करा, आणि बाळ स्वतः श्वास घेत असताना दोन्ही बाजू पाहा. एखादी लुळी निघाली तरी लगेच सुरी नको, नस पुष्कळदा हळूहळू सावरते. बाळ व्हेंटिलेटरवरून सुटतच नसेल, तर तुला चुण्या घालून ताणून बसवण्याची शस्त्रक्रिया आहे.

तुझी,
उपनगरातली एक सोनोग्राफी डॉक्टर