चाड्यावरची मूठ

आमच्या घरात ‘पेरणी’ आणि शेतात ‘बोवनी’ असे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आले आहेत. होळकरशाहीत माळव्यात आलेल्या आमच्या पूर्वजांनी जमीन घेतली, पण चाड्यावर मूठ धरण्याचे काम वाटेकऱ्याच्या घराकडेच राहिले. त्या घरातील काकी तिफणीमागे चालत मुठीतून ज्वारी, गहू सोडीत. किती सोडावे हे त्यांना कोणी विचारले नाही. दाणे नळ्यांतून खाली उतरत आणि ओळ एकसारखी उगवत असे.

पूर्वी माळव्याची पुष्कळशी काळी जमीन पावसाळ्यात पड असे. १९७० नंतर सोयाबीन पसरले आणि ती खरिपाखाली आली. १९८७ साली इंदूरला सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र झाले. ट्रॅक्टरमागची नऊ फणांची पेटी आली आणि काकींची मूठ रिकामी झाली. मात्र मूठ करीत होती तो हिशेब आता आम्हांला कागदावर करावा लागतो.

तो हिशेब असा. दोन फणांत ४५ सेंटिमीटर, म्हणजे नऊ फणांचा पट्टा ४.०५ मीटर. यंत्राच्या चाकाला सुतळी गुंडाळून मोजली, तर घेर दीड मीटर भरतो. यंत्र उचलून धरून चाक हाताने वीस वेळा फिरवले की ३० मीटर चालल्यासारखे होते. तेवढ्यात सुमारे १२१ चौरस मीटर, म्हणजे एकराचा तेहेतिसावा हिस्सा पेरला जातो. एकरी ३० किलो हवे, तर ९०० ग्रॅम पडले पाहिजेत. प्रत्येक नळीखालच्या पिशवीत शंभर. हे गणित आम्हांला फार आवडते, कारण ते इतके सरळ क्वचितच येते.

एका वर्षी ते सरळ आले नाही. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवले, त्यांतले साठच उगवले. सत्तरांच्या हिशेबाने एकरी ३० किलो, तर साठांना ३५. सात एकरांना २४५. घरात तीस किलोंची आठ पोती, आणि बाजारातले बियाणे आमच्या ऐपतीबाहेर गेलेले. पाच किलो कमी होते. बांधालगतची पट्टी तुरीला सोडायचे ठरले. उरलेल्या रानात मात्र वाया घालवायला मूठभरही नव्हते.

वीस फेरे झाले. सगळ्या पिशव्यांचे मिळून १०६० ग्रॅम भरले. हवे होते १०५०. वाटेकऱ्यांचा नातू म्हणाला, “चलो, हो गया भैया.” काकी ओट्यावरून पाहत होत्या. त्यांनी प्रत्येक पिशवी वेगळी तोलायला लावली. सात पिशव्यांत १२७ च्या आसपास, एकीत ११०, आणि सहाव्या नळीखाली केवळ ६२. एकूण वजनाने ते सगळे झाकून टाकले होते. पेटीत सहाव्या नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले निघाले. दुसरीकडे खाचांच्या रोलरचा बोल्ट ढिला होता. दोन्ही नीट केल्यावर नऊही सारख्या झाल्या, पण आता एकूण वजन अकराशेच्या वर गेले. मग दांडा थोडा मागे सरकवून पुन्हा वीस फेरे.

त्या दांड्यावरच्या आकड्यांवर आमचा काडीचाही विश्वास नाही. दाण्याचा आकार बदलला की गेल्या वर्षीची खूण खोटी ठरते. शिवाय ओल्या मातीत चाक घसरते. म्हणून शेतात ३० मीटर चालवून फेरे मोजले. वीसांऐवजी एकोणीसच झाले, म्हणजे बियाणे विसाव्या हिश्श्याने कमी पडणार. दांडा पुन्हा केसभर पुढे. दाणाही वाकून पाहिला: सोयाबीनची साल पातळ, रोलरमध्ये फुटला तर तो उगवतच नाही.

चार इंच पाऊस पडून गेल्यावर पेरले. आठव्या दिवशी काकींना शेतावर नेले. मीटरभर काठी त्यांनी ओळीला लावली आणि रोपे मोजली: अठरा. पलीकडे सतरा, मग एकोणीस. सहाव्या ओळीत काठी त्यांनी दोनदा टेकवली, दोन्ही वेळा अठरा. मग बांधाकडची मोकळी पट्टी पाहून त्यांनी विचारले, तूर अजून का टाकली नाही?