झाळकामाचा पहिला धडा

बंद पडलेला रेडिओ किंवा तुटलेले खेळणे टाकून देऊ न देणारे एखादे मूल आपल्या घरी असेल, तर एके दिवशी ते आपल्यापाशी सोल्डरिंग आयर्न मागणार हे गृहीत धरावे. आमच्या घरी ही मागणी माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने केली आणि तिच्या आईने ती तत्काळ नाकारली. "वन्सं, घरात रांगतं मूल आहे, आणि ही शिसं वितळवत बसणार!" असे वहिनी मला म्हणाल्या. मी कलाशाखेची पदवीधर. इतरांचे लेख मराठीत आणणे व तपासणे हा माझा व्यवसाय. तथापि हा छंद मला काही वर्षांपासून जडलेला असल्यामुळे निवाडा माझ्याकडे आला.

वहिनींची भीती अनाठायी नव्हती. मात्र तिचे स्थान थोडे निराळे होते. झाळकामाची नेहमीची तार म्हणजे ६० भाग कथील व ४० भाग शिसे. ती १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. आयर्नचे टोक साधारण ३५० अंशांपर्यंत तापते, आणि एवढ्या उष्णतेत शिशाची वाफ नगण्यच असते. जो धूर दिसतो तो तारेच्या पोटातील राळेचा. तो डोळ्यांना झोंबतो, दम्याच्या माणसाला बाधतो, म्हणून खिडकी उघडी हवी. शिसे शरीरात जाते ते बोटांवाटे: तार हाताळून त्याच हाताने पोळी खाल्ली, की गेले. लहान मुलांच्या बाबतीत तर शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानलेले नाही. म्हणून माझा निर्णय असा झाला, की आयर्न आणावे, पण तार शिसेविरहित असावी. ही तार बहुतांशी कथलाची असते, तिच्यात तांबे नाममात्र असते व ती २२७ अंशांना वितळते. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक नव्या विद्युत उपकरणांत शिशाची तार वापरण्यास मनाई आहे. नवशिक्याला ती किंचित हट्टी वाटते, हे खरे. पण रांगत्या बाळाच्या घरात एवढा हट्ट सोसावा. तरीही काम जेवणाच्या टेबलावर करू नये, आणि उठताच हात साबणाने धुवावेत.

साहित्य थोडकेच लागते. तीन पिनांचे, टोकाचे तापमान कमीजास्त करता येणारे आयर्न, ते ठेवण्यासाठी स्टँड, ओला स्पंज, आणि पाऊण मिलिमीटर जाडीची राळ भरलेली तार. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथे हे सारे मिळते. दुकानदार मोठ्या पेट्या पुढे करतात. त्यांतील निम्मी हत्यारे वर्षभर हाती धरली जात नाहीत.

खरी विद्या मात्र पेटीत नसते. आता क्वचितच दिसणारा कल्हईवाला आपण पाहिला असेल, तर ती आपल्याला अर्धीअधिक ठाऊक आहे. तो प्रथम भांडे तापवी, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने पुशी, आणि मग कथलाची कांडी टेकवी. कथील वितळे ते भांड्याच्या उष्णतेने, आणि चकाकत पसरे. येथेही नेमके तेच घडावे लागते. आयर्नचे टोक स्पंजावर पुसून त्यावर तारेचा पातळ थर चढवावा. ही टोकाची कल्हईच होय. मग ते टोक घटकाच्या पायाला व पट्टीवरील तांब्याला एकाच वेळी टेकवून दोन-तीन सेकंद थांबावे, आणि तार दुसऱ्या बाजूने सांध्याला लावावी. तार आयर्नवर वितळवून सांध्यावर ठिपका ठेवणे ही सर्वांची पहिली ओढ असते. तो ठिपका सांध्यावर नुसता बसतो, चिकटत नाही. आज दिवा लागतो, उद्या धक्का बसताच विझतो. चांगला सांधा लहानशा शंकूसारखा उतरता दिसतो, वाईट सांधा गोळीसारखा. शिसेविरहित सांधा थोडा निस्तेज असतो, तेव्हा चकाकीपेक्षा आकार पाहावा. नवसागर मात्र येथे नको. तो मागे राहून तारा खातो. राळेचे काम राळेनेच करावे.

भाचीला मी प्रथम तारांचे तुकडे दिले आणि तीस सांधे करायला लावले. ती कंटाळली, पण विसाव्यानंतर गोळ्या थांबल्या. मग ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोधक आणि एक तांबडा एलईडी. घरच्या विजेवर चालणारे उपकरण उघडण्यास तिला बंदी आहे, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातील संधारित्रांत वीज साठून राहू शकते. चटका बसला तर वीस मिनिटे नळाखाली हात धरायचा. हळद नाही, टूथपेस्ट नाही. हे कलम वहिनींनी स्वतः लिहून भिंतीवर लावले आहे, आणि आयर्न ठेवायच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याच कमरेला आहे.